मेगुरोचा सान्मा आणि मेसचे ताट

या टिपणाचा विषय आहे परक्या शहरात गेलेला पाहुणा आणि त्या शहरातला हंगाम. अभ्यासासाठी दोन जपानी कलाकृती घेतल्या आहेत. एक म्हणजे 'मेगुरोचा सान्मा' ही राकुगो परंपरेतली विनोदी कथा, आणि दुसरी यासुजिरो ओझू यांचा 1962 चा चित्रपट, ज्याच्या मूळ नावाचा अर्थ 'सान्माची चव' असा होतो. त्यांच्या शेजारी आपली काही पुस्तके, आपले सणवार आणि तुमच्या वसतिगृहातले जेवण ठेवून पाहू. मी अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे ताटात पदार्थ दिसला की तो इथवर कसा आला, किती तास टिकला आणि त्याचे पैसे कोणी दिले हे प्रश्न मला आधी पडतात. साहित्याच्या तासाला हे प्रश्न विचारत नाहीत, पण या विषयात ते फार उपयोगी पडतात.

आधी एक शब्द समजून घेऊ. जपानीत 'शुन' म्हणतात तो मुळात दहा दिवसांचा काळ, म्हणजे महिन्याचा एक तृतीयांश भाग. आज त्याचा अर्थ असा: एखादी भाजी, फळ किंवा मासा ज्या दिवसांत सर्वांत चवदार लागतो ते दिवस. जाणकार त्याचे तीन टप्पे मानतात. 'हाशिरि' म्हणजे नुकतीच सुरू झालेली आवक, 'साकारि' म्हणजे ऐन भर, आणि 'नागोरि' म्हणजे जाता जाता रेंगाळणारी शेवटची चव. मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. वाशीच्या बाजारात वर्षाच्या सुरुवातीला हापूसची पहिली पेटी येते, तिची पूजा होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि भाव वाचून आपण पान उलटतो. ही झाली हाशिरि. मे महिन्यात खोलीभर आंब्यांचा वास सुटतो तो साकारि. आणि आषाढ शुद्ध नवमीला चातुर्मास लागण्याआधी कांदा-वांग्यावर शेवटचा हात मारून घेणारी आपली कांदेनवमी म्हणजे नागोरिचा चक्क सणच आहे.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो जागेत आहे. आपला हंगाम घरात शिजतो. जपानी शहरात तो दुकानात मांडलेला असतो, आणि खिशात पैसे असलेल्या कोणाही अनोळखी माणसाला मिळतो. भोगीच्या दिवशी पुण्यात पहिल्यांदा उतरलेल्या तमिळ किंवा आसामी विद्यार्थ्याला भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी खायची असेल, तर त्याला कोणीतरी घरी बोलवावे लागते. क्योतोत तसे नाही. 30 जूनला, म्हणजे वर्ष बरोबर निम्मे सरते त्या दिवशी, तिथे 'मिनाझुकि' नावाची मिठाई खातात. तांदळाच्या पिठाची पांढरी त्रिकोणी वडी, वर गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचा थर. तो त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा. हिवाळ्यातला बर्फ जमिनीखालच्या कोठारात साठवून उन्हाळ्यात दरबारी लोकांना मिळत असे. सामान्यांना तो मिळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी पिठाचा बर्फ करून खाल्ला. ही मिठाई त्या दिवशी क्योतोच्या गल्लीतल्या साध्या दुकानातही मिळते आणि घेणाऱ्याला कोणी 'तुम्ही कोणाकडचे?' असे विचारत नाही.

क्योतोचेच आणखी एक उदाहरण थोडे सविस्तर पाहू, कारण त्यात तुमच्या विद्याशाखेचा भाग आहे. जुलै महिना तिथे गिओन उत्सवाचा, आणि या उत्सवाला गमतीने 'हामोचा उत्सव' असेही म्हणतात. हामो हा वामेसारखा लांबट समुद्री मासा. क्योतो समुद्रापासून दूर आहे, उन्हाळा दमट आणि असह्य. शीतसाखळी नव्हती तेव्हा किनाऱ्यावरून या शहरात ताजा मासा पोहोचणे अवघड होते. हामो चिवट असतो, पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून तो पोहोचत असे. पण त्याच्या अंगात बारीक काटे इतके की साध्या पद्धतीने खाताच येत नाही. त्यावर उपाय म्हणून कातडी शाबूत ठेवून मांसाला जवळजवळ कापांचे जाळे पाडतात. चांगल्या हाताचा आचारी तीन सेंटिमीटरमध्ये चोवीसच्या आसपास काप देतो. वाहतुकीची अडचण आणि सुरीचे कौशल्य यांतून एका शहराचा हंगाम तयार झाला. याच दिवसांत कामो नदीच्या काठावरची उपाहारगृहे पाण्याच्या बाजूला लाकडी मंच बांधतात आणि लोक मे महिन्यापासून शरद ऋतूच्या तोंडापर्यंत संध्याकाळी तिथे वाऱ्याला बसून जेवतात. गारवा मिळवण्याचे हे यंत्र विजेवर चालत नाही.

आता कथेकडे वळू. राकुगोत एकच कलावंत उशीवर बसून, पंखा आणि रुमाल एवढ्या सामानावर सगळी पात्रे रंगवतो. 'मेगुरोचा सान्मा'तला सरदार घोड्यावरून मेगुरोला फेरफटका मारायला जातो. तेव्हा मेगुरो म्हणजे एदो शहराबाहेरचे खेडे. भूक लागलेली असते आणि कुठूनतरी मासा भाजल्याचा वास येतो. तो असतो सान्मा, शरद ऋतूतला स्वस्त, तेलकट मासा, गरिबांचे खाणे. सरदाराच्या पंगतीत तो कधी आलेलाच नसतो. निखाऱ्यावरून काढलेला, काळा पडलेला, तेल ठिबकणारा तो मासा सरदार खातो आणि वेडा होतो. पुढे एका मेजवानीत 'काय करायला सांगू?' असे विचारल्यावर तो सान्मा मागतो. आचारी घाबरतात. बाजारातून उत्तम मासे आणतात, सरदाराला बाधू नये म्हणून वाफवून सगळी चरबी काढतात, घशात अडकू नये म्हणून एकेक काटा उपटतात, आणि लगदा वाडग्यात घालून पुढे ठेवतात. सरदार चाखतो, तोंड वाकडे करतो, विचारतो, मासा कुठून आणला? निहोनबाशीच्या मासळी बाजारातून, असे उत्तर येते. तरीच, सरदार म्हणतो, सान्मा खावा तर मेगुरोचाच.

मेगुरोला समुद्र नाही. तेव्हा श्रोते सरदाराच्या अज्ञानाला हसतात आणि कथा संपते. पण समीक्षकाने इथे थांबू नये. सरदाराचा भूगोल चुकला असला तरी त्याची जीभ चुकलेली नाही; दोन माशांतला फरक त्याला बरोबर कळला. त्याने फक्त कारण चुकीच्या जागी शोधले. चव माशाच्या गावात नव्हती. ती उघड्या निखाऱ्यात, भुकेत, मोकळ्या हवेत आणि हंगामात होती. पाहुण्याच्या बाबतीत नेमके हेच होते. आपण चवीला गावाचे नाव देतो, कारण गावाचे नाव लक्षात राहते आणि सांगता येते. 'आमच्या गावाकडच्या पिठल्याची चव इथे नाही' असे म्हणणारा पुण्यातला माणूस आणि हा सरदार सख्खे भाऊ आहेत.

कथेतला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मासा कोणी बिघडवला? आचाऱ्यांनी, आणि तोही पाहुण्याच्या काळजीपोटी. चरबी काढली, काटे काढले, धोका काढला. परदेशी सहलीला निघालेल्या मराठी गटाला आज नेमकी हीच सेवा मिळते. मार्चअखेरीस साकुरा पाहायला तोक्योला नेतात आणि संध्याकाळी वरण-भात, बटाट्याची भाजी वाढतात. यात निव्वळ चेष्टेचा भाग नाही, हे मान्य करायला हवे. जपानी स्वयंपाकात 'दाशी' नावाचा अर्क सगळीकडे असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. वाटीत फक्त मुळा आणि टोफू दिसला तरी खालचे पाणी माशाचे असू शकते. शाकाहारी माणसाची भीती खरी आहे. पण बौद्ध मठांतून आलेला 'शोजिन' हा संपूर्ण शाकाहारी स्वयंपाक त्याच शहरांत आहे, क्योतोला नान्झेन्जी मठाच्या आसपास हिवाळ्यात गरम टोफू खाण्याची जुनी प्रथा आहे (तिथेही दाशीबद्दल विचारून घ्यावे लागते), वसंतात बांबूचे कोंब मिळतात. तेवढी चौकशी करण्याऐवजी आपण काटे काढलेला मासा मागतो, आणि आल्यावर म्हणतो की तिथे खायला काही नाही.

इथे पु. ल. देशपांडे आठवणे अपरिहार्य आहे. युरोपवरचे 'अपूर्वाई' 1960 चे आणि आग्नेय आशिया व जपानवरचे 'पूर्वरंग' 1963 चे. परकीय चलनाच्या निर्बंधांच्या त्या काळात वाचकांपैकी जवळजवळ कोणीही जपानला जाणार नव्हते. त्यामुळे पु. ल. वाचकाच्या वतीने जातात आणि भेटलेल्या नव्या गोष्टीला मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातली उपमा शोधतात. हे त्यांचे बलस्थान आहे. परका देश वाचकाच्या ओसरीवर येऊन बसतो. मर्यादाही तिथेच आहे. उपमा घरची असली की हंगाम मागे पडतो, कारण परक्या हंगामाला घरी जोडीदार नसतो. हा दोष मी त्यांच्यापेक्षा त्यांच्या अनुकरणकर्त्यांना लावीन. पु. लं.चा वाचक जाऊ शकत नव्हता. आजचा वाचक स्वतः विमानात बसतो, तरी प्रवासवर्णने अजून त्याच वळणाने लिहिली जातात. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेली बाग आहे आणि तिला पु. लं.चेच नाव आहे. मूळ कोराकुएनमध्ये चहाचे वाफे आणि भाताचे छोटे शेतही आहे, म्हणजे बागेत फिरायला आलेल्याला आज पेरणीचे दिवस आहेत की कापणीचे, हे दिसते.

मराठीत ऋतू आणि जेवण यांची ताटातूट कशी झाली याचा चांगला पुरावा दुर्गा भागवतांकडे सापडतो. 'ऋतुचक्र' (1956) मराठी महिन्यांनुसार रचलेले आहे; चैत्रापासून झाडे, फुले, आभाळ यांचे इतके सूक्ष्म निरीक्षण दुसऱ्या मराठी पुस्तकात क्वचितच असेल. याच लेखिकेचे पाककलेवर 'खमंग' हे पुस्तक आहे. म्हणजे दोन्ही विषयांची जाण एकाच व्यक्तीत होती आणि तरीही पुस्तके दोन झाली. जपानीत 'साइजिकी' नावाचे ऋतुशब्दांचे कोश असतात, हायकू लिहिणारे ते हाताशी ठेवतात. त्यात चंद्र, दव, पाखरे यांच्या रांगेत सान्मा शरदात बसतो, गार टोफू उन्हाळ्यात, गरम टोफू हिवाळ्यात. बिअरसुद्धा उन्हाळ्याचा ऋतुशब्द आहे. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तेव्हा आपण तीन ओळी घेतल्या, निसर्गाचा क्षण घेतला, पण हा कोश घेतला नाही. शेवळे, टाकळा, करटोली, हुरडा, पोपटी हे शब्द त्यामुळे स्वयंपाकघरातच राहिले.

आता दिल्लीत येऊ. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग, पूर्वीचा कर्झन रोड. परीक्षेला, मुलाखतीला किंवा सरकारी कामाला आलेल्या मराठी माणसाला हा रस्ता महाराष्ट्र सदनामुळे माहीत असतो. नवे सदन 2013 पासून इथे आहे. याच रस्त्यावर मॅक्समुलर भवन, ब्रिटिश कौन्सिल आणि अमेरिकन सेंटर. थोडक्यात, स्वतःची ओळख करून देण्याचा हा रस्ता आहे. कोणत्याही राज्याच्या सदनातल्या उपाहारगृहाकडून अपेक्षा अशी की त्याने प्रदेश दाखवावा. प्रदेश दाखवायचा तर मिसळ, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी हे ओळखीचे पदार्थ बारा महिने हवेत. घरापासून चौदाशे किलोमीटरवर थालीपीठ समोर येते तेव्हा या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार उरत नाही. पण प्रदेश आणि हंगाम ही दोन वेगळी उत्तरे आहेत, कारण प्रश्नच वेगळे आहेत: 'तू कुठला?' आणि 'सध्या दिवस कोणते आहेत?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर सदनाबाहेर पडून इंडिया गेटकडे चालावे. जुलैत कर्तव्यपथाच्या कडेची जांभळाची झाडे फळांनी लगडलेली असतात, फुटपाथ जांभळा होतो आणि काळे मीठ लावून द्रोणात जांभळे मिळतात. थंडीत हातगाड्यांवर भाजलेली शकरकंदी येते, जुन्या दिल्लीत 'दौलत की चाट' येते. ती नुसता दुधाचा फेस असते, ऊन वाढले की बसते, म्हणून उन्हाळ्यात करताच येत नाही. दिल्लीला आलेल्या पाहुण्याचा मेगुरोचा सान्मा हाच. माझ्या ओळखीची बरीच मराठी मुले या शहरात दोन-दोन वर्षे राहून मोमो आणि छोले-भटुरे यांपलीकडे गेलेली नाहीत, याचे मला वाईट वाटते.

ओझूंचा चित्रपट शेवटी ठेवला, कारण तो सोपा दिसतो आणि तसा नाही. इंग्रजीत तो 'ॲन ऑटम आफ्टरनून' नावाने गेला आणि नावातला मासाच गळाला. खरे तर पूर्ण चित्रपटात सान्मा कुठेच दिसत नाही, कोणी खातही नाही. कथा एवढीच की विधुर नोकरदार बाप मुलीचे लग्न करून देतो आणि घरी एकटा पडतो. मासा न दाखवता नाव तेच ठेवले, कारण जपानी प्रेक्षकाला 'सान्मा' म्हटले की शरद ऋतू, साधे घर, थोडा कडवटपणा हे सगळे मिळते. ऋतुशब्द काम करतो तो असा.

चित्रपटात प्रत्यक्ष खाल्ला जातो तो मासा हामो. काही मध्यमवयीन मित्र आपल्या जुन्या शिक्षकांना उपाहारगृहात जेवायला बोलावतात. शिक्षक जुने चिनी वाङ्मय शिकवणारे. आता गरिबीत, मुलीच्या मदतीने नूडल्सचे साधे दुकान चालवतात. पुढ्यात आलेला पदार्थ त्यांना फार आवडतो, पण काय आहे ते ओळखता येत नाही. हामो, असे सांगितल्यावर मात्र तो शब्द कोणत्या चित्रलिपीत लिहितात हे ते क्षणात सांगतात: 'मासा' या चिन्हाशेजारी 'विपुल'. अक्षर येते, चव येत नाही. प्रेक्षक हसतो. मी शिक्षक असल्यामुळे मला ते हसू जड जाते. अशी माणसे आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत, आणि दोष त्या म्हाताऱ्याचा नाही. हामो महाग असतो. सरदाराला स्वस्त मासा मिळाला नाही तो मानामुळे, आणि शिक्षकांना महाग मासा मिळाला नाही तो पैशामुळे. दोन्ही कलाकृती शेजारी ठेवल्या की 'जपानी लोक ऋतूंच्या सहवासात जगतात' हे पर्यटन-पुस्तिकेतले वाक्य किती अर्धवट आहे ते कळते. हंगाम बाजारात आला की ओळखीची अट जाते आणि किमतीची अट येते.

बाजारात गेलेला हंगाम बनवताही येतो. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात एका ठरावीक दिवशी वाम खाण्याची जपानी प्रथा बघा. ती अठराव्या शतकातल्या हिरागा गेन्नाई या हरहुन्नरी विद्वानाने एका दुकानदारासाठी सुचवलेल्या जाहिरातीतून आली, अशी आख्यायिका आहे. नैसर्गिक वाम खरे तर हिवाळ्याच्या तोंडावर जास्त चांगली लागते. त्या दिवसाची मागणी मात्र टिकली आहे, आणि जपानी वाम 2014 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. स्ट्रॉबेरीचेही असेच. उघड्या शेतात ती वसंताच्या अखेरीस येते, पण नाताळच्या केकसाठी हरितगृहांत तिला डिसेंबरमध्ये पिकवतात आणि नव्या पिढीला ती हिवाळ्याचेच फळ वाटते. आपल्याकडची हुरडा पार्टी हे आपले उदाहरण. गूळभेंडी ज्वारीची कणसे आगटीत भाजून शेतावरच्या माणसांनी खायची, ते आता शहरी कुटुंबांचे तिकीट काढून जाण्याचे ठिकाण झाले. मला त्यात वाईट वाटत नाही. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, आणि ज्याच्या नात्यात शेत नाही त्याला हुरडा मिळतो. फक्त आगटी गॅसवर पेटू लागली की सावध व्हावे.

तुमच्या मेसचा तक्ता आता भिंतीवर जाऊन पाहा. सोमवारी राजमा, मंगळवारी बटाटा-फ्लॉवर, बुधवारी कढी. तो सात दिवसांचा असतो. जुलैत तोच, जानेवारीतही तोच. कंत्राटदाराच्या हिशेबाला हे सोयीचे आहे, आणि चारशे मुलांचा स्वयंपाक म्हणजे काय हे मला ठाऊक असल्याने मी त्याला दोष देत नाही. पण सात दिवसांच्या चक्राच्या जागी पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तीन तक्ते करायला फार खर्च येत नाही. हंगामातली भाजी बहुतेक वेळा स्वस्तच असते. या प्रकरणाचा स्वाध्याय तोच आहे. तुमचे महाविद्यालय ज्या गावात आहे तिथल्या बाजारात तीन वेगवेगळ्या महिन्यांत जा, आलेल्या मालाची नावे स्थानिक भाषेत लिहून घ्या, भाव लिहा, विकणाऱ्या बाईंना ती भाजी त्या घरी कशी करतात ते विचारा, आणि त्यावरून तीन तक्ते बनवा. गुवाहाटीचा, मदुराईचा आणि नांदेडचा तक्ता सारखा आला तर समजा की कोणीतरी बाजारात न जाता लिहिला आहे.

सान्माबद्दल एक भर. जपानी बोटींनी 2008 साली सुमारे साडेतीन लाख टन सान्मा पकडला होता. 2022 साली तो आकडा वीस हजार टनांच्या आत आला. समुद्राचे वाढते तापमान आणि माशांचे किनाऱ्यापासून दूर सरकणे ही कारणे त्यात धरली जातात. मेगुरोत त्या कथेच्या आठवणीने दर शरद ऋतूत उत्सव भरतो, निखाऱ्यावर मासे भाजतात आणि लोकांना फुकट वाटतात. गरिबांचा म्हणून सरदाराच्या ताटात न येणारा तो मासा त्या वर्षांत कमी मिळू लागला, आकाराने बारीक झाला आणि महागही.